पहाटेचा बर्फ, दुपारचा बर्फ

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्याकडची बरीच मंडळी हिमालयात जातात. पूर्वी हे वेड गिर्यारोहण संस्थांपुरतं होतं. आता पुण्या-मुंबईतून, नाशिक-कोल्हापुरातून कॉलेजची मुलं, बँकेतले कर्मचारी, साठी उलटलेली जोडपीसुद्धा कुलू-मनालीकडच्या ट्रेकला निघतात. या ट्रेकमध्ये एक दिवस बर्फाची खिंड ओलांडण्याचा असतो. त्या दिवशी रात्री दोन-तीन वाजताच तंबूबाहेरून हाक येते. बाहेर मिट्ट काळोख, हाडं गोठवणारी थंडी, हातातला चहा दोन मिनिटांत गार. कुणीतरी कुरकुरतंच, 'एवढ्या लवकर कशाला? जरा ऊन येऊ दे की, थंडी तरी कमी होईल!'

थंडी कमी व्हायच्या आत पलीकडे उतरायचं, म्हणूनच तर ही घाई असते. हिवाळा संपल्यावर, म्हणजे मार्चपासून मेअखेरपर्यंत, डोंगरातला बर्फ दिवसातून दोन रूपं घेतो. पहाटे तो फरशीसारखा टणक असतो. दुपारी त्याच जागी पाय गुडघाभर रुततो. आणि उतारावरून बर्फाचा अख्खा थर खाली सुटण्याचा, म्हणजे हिमस्खलनाचा धोकाही याच घड्याळाप्रमाणे वाढतो. आपल्याला सवय असते ती उलटी. आभाळ निळं, ऊन छान, वारा नाही, म्हणजे सगळं ठीक. वसंतातल्या बर्फाच्या बाबतीत ही सवय घातक ठरते.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपल्या बातम्यांमध्ये 'हिमकडा कोसळला' असं सर्रास म्हणतात. त्यामुळे डोळ्यांपुढे येतो तो उंच कडा, त्याचा मोठा तुकडा निखळतो आणि खाली पडतो. असंही घडतं, नाही असं नाही. पण बहुतेक हिमस्खलनं कड्यावरून होतच नाहीत. ती होतात साध्या उतारावरून, ज्याकडे पाहून कुणाला भीती वाटणार नाही अशा. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यांत वाईट. आपल्या घरातला जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो, त्यावरून अंदाज करा. उतार याहून फार उभा असला तर बर्फ तिथे साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. फारच सौम्य असला तर तो सहसा जागचा हलत नाही. मात्र वरून सुटलेला बर्फ खालच्या सपाटीवर बराच लांबवर पसरतो. म्हणून 'आम्ही तर सपाटीवरच उभे होतो' हे काही संरक्षण नव्हे.

आता या बर्फाच्या आत काय असतं ते पाहू. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर एकामागून एक बर्फ टाकतात. प्रत्येक वेळचा थर वेगळा. एक ताजा, रव्यासारखा भुसभुशीत. त्याखालचा वाऱ्याने दाबून कडक केलेला. मध्ये चार दिवस ऊन पडलं असेल तर त्याचं काचेसारखं कवच. चिरोट्याला पदर असतात ना, तसा हा प्रकार. हे पदर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, यावर सगळं अवलंबून असतं.

यातला सगळ्यांत दगाबाज पदर बहुधा तळाशी असतो. डिसेंबर-जानेवारीत बर्फ थोडाच पडला आणि मग कोरडी, कडक थंडी बरेच दिवस राहिली, तर काय होतं? जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, तर हात-दोन हात वर, पृष्ठभागावर, उणे पंधरा. या फरकामुळे तळातली वाफ वर सरकत राहते आणि तळाशी मोठाले, कोनेदार, जाड साखरेसारखे स्फटिक तयार होतात. मूठभर हातात घेतले तर बोटांतून सांडतात, त्यांचा लाडू वळत नाही. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये यावर चार-पाच फूट नवा बर्फ पडला, म्हणजे साखरेच्या दाण्यांवर जड गादी अंथरल्यासारखं झालं. म्हणून 'यंदा बर्फ कमी आहे, धोकाही कमी' हा हिशेब चुकतो. सुरुवातीला कमी आणि शेवटी एकदम जास्त, हा हिवाळा सगळ्यांत वाईट. २०२३-२४च्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये डिसेंबर-जानेवारी जवळजवळ कोरडे गेले. गुलमर्गच्या उघड्या माळाची छायाचित्रं सगळीकडे छापून आली होती. मग फेब्रुवारीत बर्फ आला. पर्यटनवाले सुखावले. बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र तळातली साखर आठवत असणार.

मार्च उजाडतो, सूर्य वर चढतो आणि या सगळ्या पदरांत एक मोठा बदल सुरू होतो. थंड असलेला बर्फ हळूहळू तापत शून्य अंशावर येतो, आधी वरचा, मग खालचा, शेवटी तळापर्यंत सगळा. इथे तापमापक फसवतो. बर्फ शून्यावर आला की त्याला कितीही उष्णता मिळो, तो शून्यावरच राहतो. ती सगळी उष्णता वितळण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ऐंशी कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे सकाळी शून्य अंश आणि दुपारी शून्य अंश, आकडा तोच, पण मधल्या काळात आत पाणी सुटलेलं असतं.

हे पाणी थोडं असेल तर उलट फायद्याचं. चौपाटीवर मुलं किल्ला करतात तेव्हा वाळू किंचित ओली लागते. ओलाव्याने कण कणाला धरून राहतो. पण बादलीभर पाणी ओतलं की किल्ला बसतो. बर्फाचंही तसंच. पाणी जास्त झालं की कणांमधले सांधे विरघळतात आणि पाणी खाली झिरपायला लागतं. वाटेत एखादं कडक कवच आडवं आलं तर त्यावर ते पसरतं. ते तळातल्या साखरेच्या थरापर्यंत पोचलं, तर जो थर आधीच कमजोर होता तो एकदम ढासळतो. ही पहिली वेळ सर्वांत धोक्याची. हिवाळाभर कोरडा राहिलेला बर्फ वसंतात पहिल्यांदा आतपर्यंत भिजतो, ते तीन-चार दिवस डोंगर फार अस्थिर असतात. एकदा पाण्याने आपले मार्ग करून घेतले, बर्फ बसला, की तो पुन्हा बऱ्यापैकी भरवशाचा होतो.

पावसाळ्यात आपल्या घाटांत दरडी कोसळतात त्यामागेही मुरलेलं पाणीच असतं. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर आला तो असाच मुसळधार पावसात. फरक इतकाच, की दरडीसाठी पाणी आभाळातून यावं लागतं, तर हिमालयात वसंताच्या दिवसांत डोंगर स्वतःच पाणी तयार करतो, आणि तेही स्वच्छ उन्हात. त्यात पाऊस पडला तर मग विचारायलाच नको.

हा दिवसाचा भाग झाला. आता रात्र. एप्रिल-मे मधला बर्फ हातात घेऊन पाहिला तर तो साबुदाण्यासारखा दिसतो, गोल, टपोरे दाणे. दिवसा तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा, ओला असतो. रात्री दाण्यांमधलं पाणी गोठलं की सगळ्याची मिळून एकच वडी होते. पहाटे दोनला उठवणारा वाटाड्या याच वडीवरून आपल्याला नेत असतो.

पण वडी रोज होतेच असं नाही. इथे गंमत आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, अशी बातमी आणि फोटो आपण दर हिवाळ्यात पाहतो. त्या दिवशी हवेचं तापमान बघावं तर शून्याच्या वर चार-पाच अंश असतं. मग दव गोठतं कसं? निरभ्र रात्री पानं, गवत, गाडीचं छत आपली उष्णता सरळ आकाशात टाकून देतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतात. निफाडकडचे द्राक्षबागायतदार हे चांगलं जाणतात. आभाळ मोकळं असलेल्या रात्री ते बागेत शेकोट्या पेटवतात, ढगाळ रात्री एवढी काळजी करत नाहीत. ढग म्हणजे अंगावरचं पांघरूण. बर्फाचाही नियम हाच. चांदण्यांनी भरलेल्या रात्री हवा शून्याच्या थोडी वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री मात्र गोठत नाही, गोठलाच तर वरवर, पापडाइतका. अशा रात्रीनंतरची सकाळ म्हणजे काल दुपारचाच बर्फ, आणि त्यावर आजचं ऊन. म्हणून जाणती माणसं सकाळी आभाळाकडे पाहून निर्णय घेत नाहीत. ती विचारतात, काल रात्री चांदण्या दिसत होत्या का?

मग सूर्य उगवतो. पूर्वेकडे तोंड केलेले उतार आधी तापतात, अगदी सकाळी आठ-नऊलाच. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडचे, आणि तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडचे. उत्तरेकडच्या उतारावर हा फेरा फार उशिरा, कधी कधी मे महिन्यात येतो आणि हिवाळ्यातला जुना धोका तिथे लपून राहिलेला असतो. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश परत फेकतो, त्यामुळे तो लवकर तापत नाही. जुना, धूळ बसलेला बर्फ जवळजवळ निम्मा प्रकाश पिऊन टाकतो. काळ्या खडकांच्या आजूबाजूला तर बर्फ सगळ्यांत आधी पोकळ होतो. थकलेला माणूस नेमका त्या खडकावर टेकायला जातो आणि कंबरेपर्यंत आत जातो.

ओला बर्फ सुटतो तेव्हा हिवाळ्यातल्या कोरड्या बर्फासारखे पांढरे लोट उठत नाहीत. कोरडं हिमस्खलन ताशी शंभर-दीडशे किलोमीटरच्या वेगाने येतं. ओलं त्यामानाने संथ, कालवलेल्या काँक्रीटसारखं सरकत येणारं. चित्रपटात पाहिलेलं नसल्यामुळे लोकांना ते साधं वाटतं. पण थांबल्यावर त्याचं वजन घनमीटरला चारशे-पाचशे किलो भरतं आणि ते क्षणात आवळून बसतं. हात बर्फाबाहेर असला तरी माणसाला स्वतःला उपसून काढता येत नाही. फावड्यानेच खणावं लागतं.

आणि वेळ फार थोडा असतो. स्वित्झर्लंडमधल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून असं दिसतं, की पूर्ण गाडली गेलेली माणसं पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढली तर दहांतली नऊ वाचतात. अर्ध्या तासाने तीनच. बहुतेक जण थंडीने जात नाहीत, ते गुदमरतात. म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत प्रश्न निकालात निघालेला असतो. जीव वाचवू शकतात ते शेजारी उभे असलेले सोबतीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, साऱ्या देशाने प्रार्थना केली, पण तीन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं. ती अपवादातली अपवाद गोष्ट होती, तंबूमुळे हवेची जागा राहिल्याची. तिच्यावरून अंदाज बांधू नयेत.

हवेची जागा किती मोलाची असते ते माणाला दिसलं. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे बद्रीनाथजवळच्या माणा गावाकडे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन झालं. चोपन्न जण सापडले, त्यांतले आठ गेले, सेहेचाळीस वाचले. बरेच कामगार लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले होते. कंटेनर फेकले गेले, पण आत श्वास घेण्यापुरती जागा राहिली. या घटनेची दुसरीही बाजू आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी चमोली जिल्ह्यासाठी, २४०० मीटरच्या वरच्या भागाला, हिमस्खलनाचा इशारा दिला गेला होता. इशारा होता, तळही तिथेच होता. चमोलीतच, नीती खोऱ्यात सुमना इथे, २३ एप्रिल २०२१ रोजी दुपारनंतर अशाच कामगारांच्या तळावर बर्फ आला आणि डझनाहून जास्त जण दगावले. एप्रिलचा शेवट होता तो. त्याआधी काही दिवस तिथे पाऊस आणि बर्फ पडत होता. आपण ट्रेकवाल्यांबद्दल फार बोलतो, पण वसंतातल्या बर्फाची सगळ्यांत जास्त किंमत हे मजूर देतात. उन्हाळ्यात पर्यटकांची गाडी वर जावी, चौक्यांना रसद मिळावी, म्हणून रस्ते मोकळे करायचे असतात, आणि ते मोकळे करायचा काळ नेमका धोक्याचा काळ असतो. झारखंड-बिहारच्या सपाट मुलुखातून आलेल्या माणसाला वरचा उतार वाचता येत नाही. तळ कुठे टाकायचा हे तो ठरवतही नाही. ते ठरवणाऱ्यांना मात्र तो वाचता यायला हवा, असं मला वाटतं.

आपल्याकडे हा अभ्यास काही नवा नाही. मनालीजवळ १९६९ मध्ये संरक्षण खात्याची बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. 'सासे' या नावाने ती अनेक वर्षं ओळखली जायची. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाली आणि आता चंदिगडच्या 'डीजीआरई'कडून हे इशारे येतात. पश्चिम हिमालयाचे तीन पट्टे आहेत, हे या लोकांनीच दाखवून दिलं. पीर पंजालचा पट्टा उबदार, तिथे बर्फ भरपूर आणि ओला. काराकोरमचा पट्टा अतिथंड आणि कोरडा, तिथे तळातली साखर जास्त. महाहिमालय या दोघांच्या मधला. म्हणजे मनालीतला अनुभव लडाखमध्ये जसाच्या तसा चालत नाही. मार्च १९७९ मध्ये लाहौलच्या खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसं नेली. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला, सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये. प्रवास लवकर होतो हा त्यांचा एक फायदा. दुसरा हा, की अशा उतारांखालून जाणारा रस्ताच टळतो.

पर्यटकांच्या बाबतीत ४ एप्रिल २०२३ची सिक्कीममधली घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ, लोक गाड्यांतून उतरून बर्फात खेळत होते. दुपारी बाराच्या सुमारास वरचा उतार सुटला. सात जण गेले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच जायची परवानगी होती, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. हे कुणी गिर्यारोहक नव्हते. सुट्टीवर आलेली साधी माणसं होती, तुमच्या-माझ्यासारखी. 'भैया, थोडा आगे चलो ना, वहाँ बर्फ ज्यादा है' असं ड्रायव्हरला सांगणारे आपणही असतोच.

तेव्हा रोहतांगला, सिस्सूला किंवा नथुलाला गेलात तर गाडीतून उतरल्यावर फोटोआधी एकदा वर पाहा. डोक्यावर जिन्याइतका किंवा त्याहून उभा, झाडं नसलेला पांढरा उतार असेल, दोन कडांच्या मधून एखादी घळ थेट रस्त्यावर येत असेल, झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या असतील, तर ती बर्फाची नेहमीची वाट आहे. तिच्या तोंडाशी चटई अंथरून मॅगी खाऊ नका. शंभर-दोनशे मीटर पुढे जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुलडोझरने कापलेल्या बर्फाच्या उंच भिंती असतात, त्यांना टेकून फोटो काढायची फार हौस असते. दुपारी त्या भिंतीही ढासळतात.

ट्रेकला जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकांना काही प्रश्न विचारावेत. खिंडीच्या दिवशी किती वाजता निघणार आणि किती वाजेपर्यंत पलीकडचा बर्फ संपलेला असेल? रात्र ढगाळ गेली तर काय करणार? एक दिवस थांबायची सोय वेळापत्रकात आहे का? 'आपलं ठरलेलं असतं, सर, काही होत नाही' असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधलेला बरा. परतीचं रेल्वे तिकीट खिंडीच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. तिकिटाच्या तारखेपायी ढगाळ रात्रीनंतरही माणसं निघतात.

वाटेत बर्फ स्वतःही सांगत असतो. उतारावरून छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले, पुरीसारखे, मग चाकासारखे मोठे होत गेले, म्हणजे वरचा थर भिजला. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, म्हणजे वेळ संपत आली. पायाखाली 'धुप्प' असा दबका आवाज आला, म्हणजे आतला एखादा थर बसला. मग त्या उतारावरून बाजूलाच व्हायचं. आणि आडवा उतार पार करावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावर नजर ठेवून. घोळका करून, गाणी म्हणत नव्हे. कारण कुणी गाडला गेलाच, तर तो शेवटचा कुठे दिसला होता हे सांगणारं कुणीतरी बाहेर असायला हवं.

दहा-साडेदहाला पलीकडच्या तळावर पोचलात की पुढचा सगळा दिवस मोकळा असतो. ओले मोजे दगडावर वाळत घालावेत, सूप प्यावं. दुपारी दोनच्या सुमारास समोरच्या उतारावरून मालगाडी गेल्यासारखी घरघर ऐकू येईल, थोड्या वेळाने पुन्हा एकदा. स्वयंपाकी मुलगा वर बघणारही नाही, बटाटे सोलत राहील.